पन्नाशीचं पासिंग

मुळशी तालुक्यात नवी गाडी पाहून आता कोणी मान वळवत नाही. चांदणी चौक सोडून भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडपर्यंत जा, वाटेत म्हशींपेक्षा फॉर्च्युनर जास्त लागतील. जमिनीला भाव आला, भावापाठोपाठ गाड्या आल्या आणि गाड्यांपाठोपाठ काय काय आलं ते प्रवीण तरडे यांनी २०१८मध्ये ‘मुळशी पॅटर्न’मध्ये दाखवलंच आहे. अशा या तालुक्यात लोक थांबून बघतात अशी एकच गाडी मला माहीत आहे. ती माझ्या मामांची, १९७३ सालची फियाट. लोक थांबतात याचं एक कारण असंही आहे, की तिच्यामागे असलं की थांबावंच लागतं.

गाडी मुळात पुण्यातल्या एका डॉक्टरांची. आमच्या आजोबांनी ती सेकंडहँड घेतली, भाताचं एक खाचर विकून. त्या खाचराची आजची किंमत काय झाली असती, हे मामी दर दिवाळीला न चुकता सांगतात. आरसी बुकात गाडीचा रंग निळा लिहिलेला आहे. गाडीकडे बघून तो पटत नाही, पण ठामपणे नाकारताही येत नाही. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. चोक ओढल्याशिवाय सकाळी ती कोणाशी बोलत नाही. चार काचांना मिळून वर-खाली करायचं एकच हँडल शिल्लक आहे आणि ते डॅशबोर्डच्या खणात असतं. ज्याला वारा हवा असेल त्यानं मागून घ्यायचं, फिरवायचं आणि परत द्यायचं. नंबरप्लेटवर जुनी तीन अक्षरं आणि चार आकडे. ‘एमएच बारा’ जन्माला यायच्या आधीचा तो नंबर पाहून चौकातला एखादा तरुण हवालदार गाडी बाजूला घ्यायला लावतो आणि हे कुठल्या राज्याचं पासिंग, असं विचारतो. “ह्याच राज्याचं,” मामा म्हणतात, “फक्त मागच्या जमान्याचं.”

नावाचाही घोळ आहेच. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. हे तेच वालचंदशेठ, ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात आहे. साखर, जहाज, विमान, मोटार यातलं काहीच त्यांनी दुसऱ्यासाठी शिल्लक ठेवलं नाही. इटलीच्या फियाटशी करार करून पन्नाशीच्या दशकात जी गोल अंगाची मोटार आली तिला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून जवळ केलं. १९६४मध्ये डिलाइट आली, मग तीच प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. त्यामुळे मामांची गाडी कागदावर प्रेसिडेंट आहे, डिकीवर ‘पद्मिनी’ आहे आणि लोकांच्या तोंडी फियाट आहे. डिकीवरची पद्मिनी मामांनी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणली. एका रविवारी त्यांना ती वीस रुपयांत मिळाली आणि वीस रुपयांत मिळालेली वस्तू न लावणं हे त्यांच्या स्वभावात नाही.

आता पद्मिनी निघत नाहीत. कारखान्यातलं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून २०२३च्या ऑक्टोबरात तिला रस्त्यावरून उतरवलं. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठमोठे फोटो आले, लोक हळहळले. मामांनी बातमी वाचली, कात्रण काढलं आणि आपल्या गाडीच्या कागदांत ठेवून दिलं. पुरावा म्हणून. कशाचा, ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण कागद टाकायचा नाही हा आमच्या आजोळचा धर्म आहे.

त्याला इतिहास आहे. टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या गावांच्या जमिनी जायला लागल्या तेव्हा १९२१मध्ये इथे सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी तो लढवला आणि शेवटी धरण झालंच. ज्यांच्याजवळ कागद होते त्यांचं काय झालं आणि ज्यांच्याजवळ नव्हते त्यांचं काय झालं, याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पिढीनं पुढे वीजबिलसुद्धा फाडलं नाही. मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सातबारा, फेरफार, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या आणि त्यांच्या खाली गाडीचं मूळ आरसी बुक आहे. खरोखरीचं बुक, पानं असलेलं. प्रत्येक पानावर एक शिक्का आणि प्रत्येक शिक्क्यामागे कोणाचा तरी एक दिवस.

त्या शिक्क्यांना आपल्याकडे पासिंग म्हणतात. टेम्पो, ट्रक, स्कूलबस यांचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. खासगी मोटारीला पंधरा वर्षांची मोकळीक, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पासिंगच्या आदल्या दिवशी आपल्या खेड्यापाड्यांतला टेम्पो जितका स्वच्छ असतो तितका तो लग्नाच्या वऱ्हाडालाही नसतो. वायपर कुठून तरी उसना येतो. रिफ्लेक्टरची पट्टी चिकटते. वर्षभर मुका असलेला हॉर्न वाजू लागतो. चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची आणि नंबर उठवायचा हे काम दिसायला सोपं आहे, पण पन्नास पावसाळ्यांच्या गंजातून आठचा तीन होऊ न देता तो उठवणं ही चित्रकला आहे. मामांची ती कला जिल्ह्यात कोणाला ऐकायची नाही.

गाड्यांची तपासणी म्हटलं तर आमच्या दारातच आहे. कोथरूडच्या डोक्यावर टेकडीवर जी एआरएआय ही संस्था दिसते ती १९६६ची. देशात नवीन मॉडेल रस्त्यावर येण्याआधी जिथे जिथे परीक्षा देतं त्यातली ही मानाची जागा. जड गाड्यांच्या ब्रेकसाठी पुणेकर दिवे गावच्या ट्रॅकला जात आले आहेत. पौड रस्त्यावरून येताना टेकडीकडे बघून मामा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकतात. आदरानं टाकतात की तिथे चढ आहे म्हणून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

मामांच्या शांत आयुष्यात खळबळ उडवली ती माझ्या मावसभावानं. तो इंग्लंडात असतो. त्याच्याकडे १९६८ची मॉरिस मायनर आहे, ॲलेक इसिगोनिस या गृहस्थानं आखलेली, आपल्या हिंदुस्थान मोटर्सच्या ‘बेबी हिंदुस्थान’ची सख्खी बहीण. तिथे मोटारींची वार्षिक तपासणी असते, एमओटी म्हणतात. १९६०पासून चालत आलेली. मावसभावाने गणपतीत व्हिडिओ कॉल केला आणि बोलता बोलता सांगितलं, की आपल्या गाडीला एमओटी माफ आहे.

“माफ म्हंजी?” मामा मोबाइलच्या जवळ सरकले.

तो सांगू लागला. तिकडे २० मे २०१८पासून नियम असा, की गाडी चाळीस वर्षांची झाली आणि मागच्या तीस वर्षांत तिच्यात मोठा फेरफार केला नसेल, तर दरवर्षीच्या तपासणीतून सुटका. रस्ताकरही शून्य. फक्त कराची नोंद दरवर्षी करायची, पैसे शून्य भरायचे आणि पोचपावती घ्यायची. हे मामांना फार आवडलं. शून्य रुपयांची पावती जपण्यात एक वेगळी प्रतिष्ठा आहे असं त्यांचं मत पडलं.

“मग तपासलं कोनी? चाळीस वर्सं झाली, फेरफार न्हाय, ह्ये बघायला आलं कोन?”

“कोणी नाही मामा. व्ही ११२ नावाचा फॉर्म असतो. आपणच लिहून द्यायचं, सही करायची. मी पोस्टात देऊन आलो.”

“पोस्टात?” मामांनी मोबाइल मामींच्या हातात दिला आणि ते ओट्यावर जाऊन बसले. पोस्टात गाडी पास होते, मालक स्वतःच लिहून देतो आणि सरकार त्यावर विश्वास ठेवतं, हे तीन धक्के एकदम सोसायचं त्यांचं वय नव्हतं. थोड्या वेळानं परत येऊन त्यांनी अस्सल मुळशीकराचा प्रश्न टाकला: “आन् खोटं लिवलं तर?”

मावसभाऊ म्हणाला, गाडी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर आणली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, माफी असो वा नसो. शिवाय तो स्वतः दरवर्षी आपणहून एमओटी करून घेतोच, ब्रेकची काळजी वाटते म्हणून. हे ऐकून मात्र मामांचा त्याच्यावरचा सगळा आदर उतरला. परीक्षा माफ झाल्यावरही परीक्षेला बसणारा माणूस आपल्या घराण्यात निघाला, याचं त्यांना वाईट वाटलं.

त्या रात्रीपासून मामांनी ध्यास घेतला: आपल्याकडे असं काही आहे का? शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात चष्मा आणि वेळ हे दोन्ही माझ्याकडेच आहेत. आणि गंमत म्हणजे, आहे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘विंटेज मोटार वाहन’ अशी एक नवी जात निर्माण केली. पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्टला, जुन्या गाड्या मोडीत काढायचं राष्ट्रीय धोरण सुरू झालं. आधी देव्हारा आणि मग भट्टी, असा तो क्रम आहे आणि जुन्या गाडीच्या मालकानं लवकर ठरवायचं, की आपली मूर्ती की भंगार.

अटी सोप्या दिसतात. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली हवीत. दुचाकी किंवा चारचाकी, दोन्ही चालतील. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, म्हणजे चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. नमुना २०मध्ये अर्ज, जुनं आरसी, विमा, आणि परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचा कागद. राज्यानं नेमलेली समिती गाडी पाहणार आणि ठरवणार. मंजूर झाली तर अर्जानंतर साठ दिवसांत नोंदणी, दहा वर्षांसाठी. नंबरात ‘व्हीए’ ही विंटेजची अक्षरं मिळतात, पण आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. ते ऐकून मामा हसले. तीन अक्षरांच्या नंबरसाठी ते समितीशीही भांडले असते.

“पन्नास झाली,” मामा म्हणाले. “कागद हायेत. मूळ स्वरूप बघू.”

मूळ स्वरूप बघायला आम्ही पिरंगुटच्या मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीखाली गेला आणि तिथूनच बोलत राहिला. डायनामो केव्हाच गेला, त्या जागी मारुतीचा अल्टरनेटर आहे. रेडिएटरचा पंखा बदललेला. इग्निशनची किल्ली ज्या स्विचमध्ये जाते तो स्विच मूळचा एका स्कूटरचा. हॉर्न ट्रकचा, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. सीटचं रेक्झिन टेम्पोच्या कुशनवाल्याकडून. इंजिन मूळचंच, नंबर जुळतो, पण बोअर करून त्यात स्लीव्ह बसवलेले, पिस्टन, रिंगा नवीन. “आता इंजिन म्हंजी त्याचं खोकं म्हनायचं का त्यातला जीव, ह्ये तुमी ठरवा,” तो खालून म्हणाला.

“आन् चॅसिस?” मामांनी विचारलं.

खालून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, “मामा, हिला वेगळी चॅसिस न्हाईच.”

आणि ते खरं आहे. ही फियाट त्या काळातल्या जीपसारखी लोखंडी सांगाड्यावर बॉडी ठेवून केलेली नाही. बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. आता ताम्हिणीत २०२४च्या जुलैत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि मामांचं घर त्याच रस्त्याला. वर्षानुवर्षं असल्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या खालच्या पत्र्याचं काय होतं ते सांगायला नको. डाव्या बाजूला ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला एके काळी पायाखालचा रस्ता दिसायचा. मग मामांनी तिथे पत्रा वेल्ड करून घेतला. मग शेजारच्या भागात. मग मागे. थोडक्यात, कायद्याच्या भाषेत मामांनी चॅसिस दुरुस्त केली आणि बॉडीही, पण प्रत्यक्षात त्यांनी फक्त पाय रस्त्यावर पडू नयेत एवढंच पाहिलं.

मला हा नियम करणाऱ्यांचं खरंच कौतुक वाटतं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जी गाडी होती ती मला दिसते. संस्थानिकाची रोल्स, राजवाड्याच्या गॅरेजात, वर मखमलीचं कव्हर, शेजारी तिच्यासाठी ठेवलेला माणूस. तिला पन्नास वर्षं मूळ स्वरूपात ठेवणं शक्य आहे, कारण ती कधी भाताचं पोतं घेऊन कोथरूडला गेलेली नसते. मामांची गाडी आजवर टिकली ती मूळ स्वरूपात ठेवली नाही म्हणून. नाना पेठेत सुटा भाग मिळाला नाही तेव्हा दुसऱ्या गाडीचा बसवला, बसला नाही तेव्हा घासला, घासूनही बसला नाही तेव्हा हातोडीनं बसवला. जे मूळ ठेवायच्या हट्टात राहिले त्यांच्या फियाटी कधीच भंगारात गेल्या. या नियमाप्रमाणे ज्या गाडीनं जगायची खटपट केली ती नापास, आणि जिला कुणी हात लावला नाही ती पास.

तरीही मामा अर्ज करणारच होते. त्यांच्या मते समितीपुढे बाजू मांडायला हरकत नव्हती, कारण सातबारावरची बोज्याची नोंद काढून घेतलेल्या माणसाला समितीची भीती वाटत नाही. मग मी उरलेला भाग वाचला. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी नेहमीच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच.

“म्हंजी सोमवारी मंडईला न्हाय न्यायची?”

“नाही.”

“लग्नाला?”

“लग्न प्रदर्शनात धरता येईल की नाही ते विचारावं लागेल.”

“आन् फी किती?”

“वीस हजार.”

इथे मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “वीस हजार देऊन गाडी उभी करायची? उभी तर ती फुकटातच ऱ्हाती.”

या वाक्यावर तालुक्यातला कोणताही वकील उत्तर देऊ शकणार नाही.

पण मामांनी हिशेब मांडला. जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी एके काळी सहाशे रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ती पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. म्हणजे साध्या मार्गानं पाच वर्षांचे दहा, दहा वर्षांचे वीस हजार. विंटेजच्या मार्गानं दहा वर्षांचे वीस हजार. बरोबर तेवढेच. फरक इतकाच, की साध्या मार्गाने गाडी चालवता येते आणि मोठ्या मानाच्या मार्गाने चालवता येत नाही. पर्यावरण कर आणि विमा या बाबी मामांनी हिशेबाच्या बाहेर ठेवल्या, कारण त्या धरल्या असत्या तर हिशेब इतका सुरेख जुळला नसता. पुढे साठीनंतर विंटेजची पुनर्नोंदणी पाच हजारांत होते, हेही मी सांगितलं. “साठीनंतर स्वस्त,” मामा म्हणाले, “पन तवर मी ऱ्हायला पायजे की.”

एक पळवाट मात्र मामांनी रात्रीच शोधून काढली होती. इंधन आणि देखभाल यांना परवानगी आहे. मग पेट्रोल पौडला भरलंच पाहिजे असं कुठे आहे? मंडईजवळ भरलं तर? आणि देखभाल करणारा माणूस नाना पेठेत असेल, तर त्याच्याकडे सोमवारी सकाळी जाताना डिकीत इंद्रायणी तांदळाच्या दोन पिशव्या राहिल्या, म्हणून काय तो धंदा झाला? शिवाय हल्लीचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही असं आमच्या मेकॅनिकचं ठाम मत आहे, म्हणजे देखभाल वारंवार लागणार. आपल्याच तालुक्यातला ऊस कासारसाईच्या कारखान्यात जातो आणि त्याचीच मळी पुढे इथेनॉल होऊन आपल्या कार्बोरेटरला त्रास देते, यात मामांना एक प्रकारचा न्याय दिसतो. मला हा बेत ऐकून काळजी वाटली, कारण नियमाचा असा अर्थ लावायला बसलं तर तांत्रिक संशोधनाच्या नावाखाली काय काय होईल सांगता येत नाही. मामींनी तर विचारलंच, “आन् मी शेजारी बसले तर मी कोन? संशोधक?”

मला वाटतं, नियमात एक घर कमी आहे. एका बाजूला मखमलीखालची रोल्स आहे, दुसऱ्या बाजूला मोडीत काढायच्या यादीतलं धूर ओकणारं वाहन आहे. मधल्या जागेत जिचे ब्रेक लागतात, दिवे लागतात, जी आठवड्यातून एकदा बाहेर पडते आणि दिवसाकाठी पन्नास किलोमीटरही जात नाही अशी जुनी गाडी बसत नाही. इंग्रजांनी २०१८मध्ये माफी दिली ती याच विचारानं, की असल्या गाड्या थोड्या असतात, थोड्या चालतात आणि मालक त्यांना जिवापाड जपतात. मला पोस्टात फॉर्म टाकून माफी द्यावी असं वाटत नाही. आपल्याकडे तसा फॉर्म निघाला तर पहिल्या आठवड्यात तालुक्यातले निम्मे डंपर विंटेज होतील. पण आठवड्यातला एक दिवस, कमी वेगाची अट, खऱ्या ब्रेकची तपासणी, आणि पत्र्याच्या ठिगळाला माफी, एवढं देता आलं तर समितीचं काही जाणार नाही.

शेवटी मामांनी साधं पासिंग केलं. हाय सिक्युरिटी प्लेट आधीच बसली होती, त्यामुळे तीन अक्षरांच्या जुन्या नंबरावर आता अशोकचक्राचा होलोग्राम चमकतो. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर तिशीतला होता. गाडीत बसून तो गिअर खाली शोधू लागला, सीटच्या बाजूला, मग दोन्ही सीटच्या मध्ये. मामांनी अदबीने स्टिअरिंगकडे बोट दाखवलं. मग त्याने पहिला गिअर टाकला, तो तिसरा पडला. हॉर्न वाजवल्यावर मागच्या रांगेतल्या ट्रकने रस्ता दिला. ब्रेक लागले, दिवे लागले, वायपर फिरले, आणि पेन्सिलीनं उठवलेला चॅसिस नंबर त्याने दोनदा बोटाने वाचला. पास केल्यावर त्याने गाडीसोबत फोटो काढला आणि विचारलं, “विंटेज का नाही करत, मामा?”

“करतो की,” मामा म्हणाले. “गाडी बंद पडली की.”

तर वाचकहो, आता तुमच्या घराकडे बघा. बजाज चेतक आकुर्डीच्या कारखान्यातून निघायला लागली १९७२मध्ये. फिरोदियांची लुना त्याच वर्षीची, नगरची. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली, रद्दीच्या गठ्ठ्यांमागे आजोबांची जी चेतक किंवा लुना उभी आहे तिच्या आरसीवरची तारीख एकदा बघून घ्या. पन्नास वर्षं झाली असतील तर भारत सरकारच्या नियमांनुसार तीही विंटेज होऊ शकते. अर्ज नमुना २०मध्ये, मूळ आरसी आणि विमा जोडून. फी लुनालाही वीस हजारच आहे, तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट. मंजुरी मिळाली तर नोंदणी दहा वर्षांची. पेडल मूळचं हवं, आणि भाजी आणायला नेता येणार नाही.